इन्स्पेक्टर ओव्हाळ आणि चार अंडी

भोसरीच्या एमआयडीसीत आमच्या ह्यांना सगळे ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचे. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीला वाटलं मुलगा पोलिसात आहे, आणि तिने गल्लीभर तसं सांगूनही टाकलं. प्रत्यक्षात बुद्धरत्न भिवा ओव्हाळ एका गिअरच्या वर्कशॉपमध्ये माल तपासायचे. एकतीस वर्षं तपासला. दर दोन तासांनी उठायचं, प्रत्येक मशीनपाशी जायचं, नुकते निघालेले पाच नग उचलायचे, मापायचे, कागदावर लिहायचं, सही करायची. याला ते राउंड म्हणत. आमच्या मुलीचा, अंजलीचा जन्म झाला तेव्हा दवाखान्यातही हे दर दोन तासांनी पाळण्यापाशी हजर. नर्सने हटकलं तर म्हणाले, “राउंड आहे.”

मी सुमन, त्यांची बायको. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, म्हणजे चुका काढण्याचा धंदा माझाही. पण शाळा सुटली की मी लाल पेन पर्समध्ये टाकायचे. ह्यांचं तसं नाही. दाराची कडी सैल आहे हे ह्यांना जेवतानासुद्धा खुपतं, आणि कडी घट्ट होईपर्यंत मला भाजी कशी झाली ते कळत नाही.

माझे सासरे खेड तालुक्यातून पिंपरीत आले आणि जन्मभर कंपनीत क्रेट उचलत राहिले. मुलाच्या वरच्या खिशात मायक्रोमीटर बघून त्यांना काय वाटायचं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण घरी कोणीही आलं, अगदी मीटर बघायला आलेला माणूस असला तरी, “आमचा रतन माप घेतो” हे ऐकल्याशिवाय त्याला चहा मिळत नसे.

ह्यांच्या डाव्या हाताची तर्जनी नखापासून पुढे नाही. विशीत प्रेस मशीनवर काम करताना गेली. त्यानंतर मालकांनी तपासणीला टाकलं, आणि तिथे ह्यांचा जो जम बसला तो बसला. एक गोष्ट सांगते, म्हणजे माणूस कळेल. एका रविवारी जेवता जेवता ह्यांच्या लक्षात आलं, की आदल्या दिवशी मापायच्या ज्या गेजने माल पास केला तो गेज तपासून घ्यायची तारीख उलटून गेली होती. ताट तसंच ठेवून उठले. बसने भोसरी, तिथून चाकण. गिऱ्हाइकाच्या गेटवर उभा असलेला भरलेला टेम्पो परत फिरवला आणि ‘दोष कोणाचा’ या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. पुढे माल बरोबरच निघाला, पण त्या वर्षीची बढती गेली ती गेलीच. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. शाळेत मात्र पाच जणींना ही गोष्ट सांगितली, आणि सांगताना माझी मान ताठ होती.

असा माणूस निवृत्त झाला की घराचं काय होतं, ते विचारू नका. सकाळी आठला बूट घालून सोफ्यावर बसायचे. राउंड कशाचा घ्यायचा? एकदा माझ्या स्वयंपाकघराचा घेतला. डाळीच्या डब्यांवर तारखा टाकल्या. तेव्हा मी लाटणं उगारलं, आणि संध्याकाळी अंजलीला फोन करून सांगितलं, “तुझ्या बापाला काहीतरी काम दे गं, नाहीतर मी पुन्हा नोकरी धरते.”

अंजलीने चाकणच्या गणराजकडून कॉकटीलची जोडी आणून दिली. गणराज पक्षी पाळतो, विकतो आणि त्यांच्यावर न थांबता बोलतो. पाखरांचं राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर नारिंगी ठिपका, जणू कोणी घाईत रूज लावून दिलाय. नराचं नाव आम्ही ठेवलं राव आणि मादीचं बाई. ह्यांच्या अंगात वारं शिरलं. मोशीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर महिन्याभरात आठ बाय सहाचा पिंजरा उभा राहिला. लोखंडी अँगल, जाळी, वरून पत्रा, आणि चारही कोपरे गुण्यात. मी विचारलं, “पाखरांना काटकोन कळतो का हो?” तर म्हणाले, “मला कळतो.”

पहिल्यांदा बाईने चार अंडी घातली तेव्हा हे फोनवर गणराजशी पाऊण तास बोलले. नरमादी पाळीपाळीने बसतात, दिवसा नर, रात्री मादी, हे ऐकून तर ते खूशच झाले. “सुमन, शिफ्ट आहे त्यांची!” आमचंही तेच होतं ना. अंजली लहान असताना हे मुद्दाम रातपाळी घ्यायचे. सकाळी साडेसहाला ते दारातून आत, मी दारातून बाहेर, आणि पोर उंबऱ्यातच ह्या हातातून त्या हातात. चार वर्षं आम्ही एकमेकांना बहुतेक उंबऱ्यातच भेटलो.

पण ती अंडी फुकट गेली. दोनांना तडे, दोन थंडगार. दुसऱ्या खेपेलाही तेच. गणराज म्हणाला, “सर, पाखरं बिचकायलेत कशाला तरी. मांजर बघा, उंदीर बघा.” आणि मांजर म्हटल्यावर मला दुसरं कोण सुचणार? शेजारच्या कुसुमताईंची मनी. कुसुमताई मोशीच्या जुन्या घरातल्या, आमच्या आसपासच्या सगळ्या इमारती ज्या शेतात उभ्या आहेत त्यातली निम्मी शेतं एकेकाळी त्यांची. मी गच्चीच्या कठड्यावरूनच तोंडाचा पट्टा सोडला. त्यांनीही सोडला.

“माझी मनी उंदराला भेती, ती तुमची पाखरं काय खाणार? बाई, तुमी शिकल्या-सवरल्या, काय बघितलंय का डोळ्यानं?”

“बघितलं नाही, पण दाखवीन,” मी म्हणाले.

कॅमेरा आला तो असा. पक्षीप्रेम वगैरे नंतरचं. पहिला हेतू मनीला पुराव्यानिशी पकडायचा.

बसवायला समाधान आला. हा ह्यांच्या हाताखाली बारा वर्षं काम करून मग कॅमेऱ्यांच्या धंद्यात पडलेला, लातूरकडचा, पन्नाशीला आलेला तरी ह्यांच्यासमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. “जयभीम सर,” म्हणाला आणि डोकं फिरवणारा, बारा पट झूम होणारा कॅमेरा खोक्यातून काढला. पिंजऱ्याच्या आत लावू म्हणाला. ह्यांनी ठाम नकार दिला. कॅमेऱ्याची मान फिरताना बारीक आवाज येतो, पाखरं घाबरतील. म्हणून तो पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर लागला, पिंजऱ्यापासून चौदा फुटांवर. झूमचा उपयोगच तो, लांब राहून जवळचं बघायचं. ब्रॅकेट ह्यांनी स्वतः भोसरीत बसून करून आणला.

पहिल्या दिवसाचं चित्रण आम्ही हॉलमधल्या टीव्हीवर बघितलं. जाळी काय सुरेख दिसत होती! तारेचा प्रत्येक टाका मोजून घ्यावा. तिच्या मागे दोन पिवळट धब्बे हलत होते, ते राव आणि बाई.

“सर, फोकस जाळीवरच बसायलाय,” समाधान ओशाळून म्हणाला.

हे टीव्हीच्या जवळ गेले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “वरून सातव्या ओळीत दोन वेल्ड कच्चे आहेत.” मी कपाळाला हात लावला.

मग ह्यांनी जाळीचा वहीच्या पानाएवढा तुकडा कापून तिथे फ्रेममध्ये काच बसवली. ते कच्चे वेल्डही पुन्हा मारून घेतले. समाधानने फोकस हाताने जुळवून तिथेच पक्का केला. आता झूम केलं की घरट्याची पेटी, तिचं गोल भोक आणि त्या भोकातून डोकावणारा बाईचा तुरा, सगळं टीव्हीवर. तुऱ्याची पिसं मोजता यायची. हे सोफ्यावर असे बसले होते, की स्वतःच ते पाखरू घडवलंय.

बाईने तिसऱ्यांदा अंडी घातली. पाचव्या दिवशी एक तडकलं. मी कंबर कसली. “लावा आजचं चित्रण,” मी म्हणाले, “आणि कुसुमताईंना हाक मारू का आताच?”

“आधी आपण बघू,” हे म्हणाले.

सकाळी पावणेनऊ. राव येऊन भोकाशी बसतो, बाई बाहेर, राव आत. पाळी बदलली. सगळं शांत. चित्रण पुढे पळवलं. दहा वाजता चौकटीत एक हात आला. पेटीचं वरचं झाकण उघडलं. आतून राव फडफडत असा सुटला, की पेटी हलली. हातात छोटी बॅटरी होती, मग मापायचा व्हर्नियर. डाव्या हाताने एक अंडं धरलं होतं, आणि धरणाऱ्या बोटांतल्या तर्जनीला नख नव्हतं.

रावला परत पेटीत जायला चाळीस मिनिटं लागली. बारा वाजता पुन्हा हात. दोन वाजता पुन्हा. दोनच्या वेळी राव निसटताना त्याच्या पायाने काहीतरी ढकललं गेलं, ते झाकण उघडं असल्यामुळे स्पष्ट दिसलं. चारला पुन्हा हात, हे बघायला की अंडं का तडकलं.

गणराजने सांगितलं होतं, दिवसातून एकदा झाकण उघडून बघायला हरकत नाही. ह्यांनी ते ऐकलं आणि आपला राउंड लावला. दर दोन तासांनी, न चुकता. अंड्यांवर पेन्सिलीने नंबर, वहीत लांबी, रुंदी, वजन, सही. मी खाली मालिका बघत असायचे आणि वर हे जीव लावून, निगुतीने त्या अंड्यांचा जीव घेत होते.

ह्यांनी चित्रण थांबवलं. रिमोट हातात तसाच. मग म्हणाले, “दोष ऑपरेटरचा.”

आवाज इतका कोरडा होता, की माझा पारा चढलाच नाही. मी म्हणाले, “जाऊ द्या हो. डिलीट करून टाका. कुसुमताईंना सांगू, काही दिसलं नाही.”

“दिसलं नाही? बारा पट झूममध्ये दिसलंय.” ते उठले. “रिपोर्ट रिपोर्ट असतो, सुमन.”

आणि गेले. शर्ट इन करून गेले, चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या कुसुमताईंना पिठाच्या हातानिशी घेऊन आले, सोफ्यावर बसवलं आणि स्वतःच्या हाताने दहाचं, बाराचं, दोनचं आणि चारचं चित्रण दाखवलं. शेवटी म्हणाले, “ताई, तुमच्या मांजराचा दोष नाही. माझा आहे. आमची सुमन तुम्हाला बोलली ते माझ्यामुळं. माफी असावी.”

कुसुमताई टीव्हीकडे बघत राहिल्या. “अवो भाऊ,” त्या म्हणाल्या, “कोंबडी खुडूक बसली तर आमी तिकडं फिरकत बी न्हाई. येवडं सोपं हाय. पन तुमी मापाची मानसं.” मग माझ्याकडे वळून, “बाई, मनीला दूध घालायचं आता तुमी.” मी मान खाली घातली. मनी तेव्हापासून आमच्याच दारात असते, आणि चांगली जाड झाली आहे.

त्या दिवशी मला ह्यांचा राग आला नाही, हे लिहून ठेवते. साठीचा माणूस, आपल्याच हाताने घडलेलं आपल्याच शेजारणीला बोलावून दाखवतो. मला वाटलं, सासरे असते तर आज त्यांनी मीटरवाल्याला दोन कप चहा पाजला असता.

पण ह्यांनी स्वतःला एवढ्यावर सोडलं नाही. त्या खेपेची उरलेली अंडीही थंड पडली, तेव्हा वहीत लिहिलं: तीन खेपा बाद, कारण अतितपासणी. मग गणराजला फोन लावला. “अजून एक खेप. ती माझ्यामुळं गेली तर जोडी तुमच्याकडं परत. ज्याला हात आवरत नाही त्याने जीव पाळू नयेत.” मी म्हटलं, अहो, एवढं टोकाचं कशाला. पण तोवर फोन ठेवून झाला होता. राव-बाई गेले तर हा माणूस पुन्हा सकाळी आठला बूट घालून सोफ्यावर बसणार, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार.

चौथी खेप जानेवारीत. पुन्हा चार अंडी, एवढं झाकण बंद करायच्या आधी बघितलं. मग ह्यांनी झाकणाला बोल्ट मारला आणि तो खोलायची चावी माझ्या हातात दिली. “मी मागितली तरी देऊ नकोस.”

“ओरडलात तर?”

“तरी नाही.”

पुढचे दिवस ते टीव्हीसमोर होते. राउंड सुटला नाही, फक्त जागा बदलली. दहा, बारा, दोन, चारला झूम करून भोक बघायचं, तुरा बघायचा, पाळी वेळेवर बदलली का ते वहीत लिहायचं. आठव्या दिवशी दोनच्या सुमाराला उठले, जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. मी बघितल्याचं दाखवलं नाही. बाराव्या दिवशी त्यांचे हात चुळबुळत होते म्हणून मी शेंगा सोलायला दिल्या. शेंगा आकाराप्रमाणे तीन वाट्यांत निघाल्या.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी पाळी बदललीच नाही. पावणेनऊला राव येऊन भोकाशी बसला, आत डोकावला आणि परत पिंजऱ्यातल्या फांदीवर गेला. नऊ वाजले. सव्वानऊ. बाई बाहेर येईना. तुराही दिसेना. दहा वाजता राव पुन्हा भोकाशी आला, पुन्हा मागे फिरला. दहाचा राउंड ह्यांनी उभ्यानेच घेतला. वहीत काही लिहिलं नाही.

“मेली असेल का हो?” मी विचारलं.

“माहीत नाही.”

“आत अडकली असेल. आजारी असेल. अहो, काहीतरी करा ना!”

साडेदहा झाले आणि माझाच धीर सुटला. जिने एकोणीस दिवस चावी पदराला बांधून मिरवली, तीच मी ताडताड जिना चढले. गच्चीवर जाऊन पिंजऱ्याच्या दाराची कडी काढली, एक पाय आत टाकला. चावी हातात होती.

“सुमन.” मागून आवाज आला. ओरडले नव्हते. “बाहेर ये.”

“ती मेली तर?”

“मेली असेल तर मेली आहे. जिवंत असेल तर आपण मारू. तीनदा मारलंय मी.” त्यांनी जिन्याकडे हात केला. “खाली चल. झूम कर.”

मी पाय मागे घेतला, कडी घातली. खाली आलो. रिमोट त्यांनी माझ्याच हातात दिला. मी झूम केलं. भोक दिसलं, काळं, रिकामं. “खाली घे,” ते म्हणाले, “फळीवर.” पेटीच्या खाली, दाणे सांडतात त्या फळीवर काहीतरी पांढरं होतं. “अजून जवळ.” बारा पट. अंड्याचं कवच. अर्धंच, टोपीसारखं.

मला रडू फुटलं. “फुटलं हो हेही.”

हे टीव्हीच्या अगदी जवळ गेले. चष्मा वर केला. एकतीस वर्षं ज्या नजरेने गिअरची कड बघितली त्या नजरेने कवचाची कड बघितली, डावीकडून उजवीकडे, पूर्ण गोल. वळले तेव्हा डोळे भरले होते.

“फुटलेलं नाही हे,” ते म्हणाले. “फुटलं की कड वेडीवाकडी असते, तडे लांब जातात. ही बघ, सगळीकडून सारखी. लेथवर कट मारल्यासारखी. हे आतून कापलंय, सुमन. आतल्याने कापलंय.”

आणि तेवढ्यात टीव्हीवर बाईचा तुरा भोकात आला. मग चोच. चोचीत दुसरं कवच होतं. तिने ते बाहेर टाकलं, इकडेतिकडे बघितलं आणि आत गेली. राव फांदीवरून उडाला आणि या वेळी सरळ तिच्या मागोमाग आत शिरला. पाळी बदलायला नव्हे, दोघांनाही काम होतं म्हणून.

मी कठड्यावर जाऊन कुसुमताईंना हाक मारली. त्या मनीला काखेत मारूनच आल्या. चहा झाला. ह्यांनी त्यांना कवचाची कड दाखवली, पुन्हा दाखवली, समाधानला फोन करून तिसऱ्यांदा सांगितली. कुसुमताईंनी विचारलं, “किती पिल्लं हायत मग, भाऊ?”

जन्मभर नग मोजून सही करणारा माझा नवरा सोफ्यावर ताठ बसला होता.

“मोजली नाहीत,” ते म्हणाले.

मग वही ओढली. तारीख, वेळ लिहिली. लांबी, रुंदी, वजन हे तिन्ही रकाने रिकामे सोडले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘हात लावलेला नाही’. आणि खाली पूर्ण सही केली, बुद्धरत्न भिवा ओव्हाळ. चावी अजून माझ्या पदराला होती, आणि ती त्यांनी मागितलीही नाही.